न घेतलेली शपथ

माझ्या सगुणामावशीला एक वाईट खोड होती. ती खरं बोलायची. खरं बोलणारी माणसं लांबून फार छान दिसतात, घरात असली म्हणजे जीव नकोसा करतात. लग्नानंतरची पहिली नवी साडी नेसून मी तिच्यासमोर मिरवत उभी राहिले आणि "कशी दिसते?" म्हणून विचारलं, तर तिनं मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "पोत चांगलं आहे, बेबी. रंग तुला शोभत नाही." आणि लगेच माझ्यासाठी चहा टाकायला उठली. म्हणजे रागवायचीसुद्धा सोय नाही.

मावशी घाटकोपरला भटवाडीत राहायची. टेकडीच्या चढावर बैठ्या खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातली शेवटून दुसरी खोली तिची. नवरा लवकर गेला. मागे राहिला एकुलता एक शमुवेल. लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं, देवाजवळ मागून मागून झालेला, म्हणून शमुवेल. गल्लीनं त्याचा शामू केला. मावशी महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात आया होती. गणपती, दिवाळी, होळी, सगळ्या सणांच्या पाळ्या ती आपण होऊन मागून घ्यायची, म्हणजे बाकीच्या आया तिला रविवार मोकळा सोडत. रविवारी पांढरं पातळ नेसून ती शामूचं बोट धरून उपासनेला जायची. दोघं तिथून परत येत तेव्हा कधी मी मुलुंडहून येऊन तिच्या दारात बसलेली असायची.

तिच्या घरात एक कडक कायदा होता. शपथ घ्यायची नाही. आईशप्पथ नाही, देवाशप्पथ नाही, गळ्याची कातडी चिमटीत धरून गळ्याशप्पथ तर मुळीच नाही. आता मुंबईत लहानाचं मोठं व्हायचं आणि आईशप्पथ म्हणायचं नाही, हे कसं जमावं? बिचाऱ्या शामूचे फार हाल झाले. गल्लीत क्रिकेट चाले. आऊट की नॉट आऊट यावरून भांडण पेटलं की पोरं म्हणत, "घे आईशप्पथ!" समोरचा ती धडाधड घेऊन मोकळा होई, बहुतेक वेळा खोटी. शामू म्हणे, "आम्ही शपथ घेत नाही. पण मी आऊट नव्हतो." झालं. शपथ घेत नाही म्हणजे आऊट. भटवाडीच्या टेकडीवर इतक्या वेळा फुकट आऊट झालेला दुसरा खेळाडू नसेल. लालबुंद होऊन तो घरी येई. मावशी विचारी, "तू आऊट होतास का?"

"नाही."

"मग झालं तर. मला ठाऊक आहे ना."

"तुला ठाऊक असून काय उपयोग? बॅट गेली ना माझी!"

मी खो खो हसत असे. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

हा कायदा मावशीनं केलेला नव्हता, तो माझ्या आजोबांकडून आला होता. आजोबा शेवगावकडचे, घर गावकुसाबाहेर. गावात चोरी झाली, कुणाचं जनावर दगावलं, की पहिली हाक आमच्या वस्तीला. चावडीसमोर उभं करायचे आणि बेलभंडारा उचलायला लावायचे. देवाचा बेल आणि हळद हातात घ्यायची आणि म्हणायचं, मी केलं नाही, केलं असेल तर माझं वाटोळं होवो. पाटलानं "मला माहीत नाही" म्हटलं की विषय संपे. त्याच्या हातात कुणी बेलभंडारा दिला नाही. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा मिशनच्या मास्तरांनी त्यांना सांगितलं की प्रभूनं शपथ वाहायलाच मना केलंय. हो असेल तर हो म्हणावं, नाही असेल तर नाही, त्याच्यावर आणखी काही नको. बाकीचं शास्त्र कळायला आजोबांना वर्षं लागली. हे मात्र त्यांना जागच्या जागी कळलं. आपला नुसता शब्द पाटलाच्या शब्दाइतकाच भरतो, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा कुणी सांगत होतं. त्यानंतर त्यांनी बेलभंडाऱ्याला हात लावला नाही. एकदा त्यापायी चावडीवर मारही खाल्ला. मुलींना द्यायला त्यांच्याकडे ना जमीन होती ना सोनं. हे एवढं होतं, ते त्यांनी दिलं. माझ्या आईनं ते संसारात कुठंतरी हरवलं. मावशीनं जपून ठेवलं.

शेवटच्या खोलीत शेवंतीकाकी राहायची. देवगडकडची. नवरा लवू गिरणीत होता. मावशी आणि शेवंती दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून त्या ओळीत आलेल्या, आणि दोघींचं सख्य असं, की सख्ख्या बहिणी म्हणजे माझी आई आणि मावशी, त्यांच्यातसुद्धा ते नव्हतं. काकीची सुलक्षणा जन्मली ती मावशीच्याच प्रसूतिगृहात. तिला पहिली आंघोळ मावशीनं घातली. नाताळात मावशीच्या करंज्यांचं ताट आधी काकीकडे जाई, मग बाकी जगाकडे. काकीकडून तळलेला बांगडा येई, तो मावशी काटे काढून शामूला भरवी.

दोघींच्या खोल्यांमधल्या भिंतीला वर, पत्र्याजवळ, एक चौकोनी भोक होतं. त्या भोकात एक बल्ब लटकत असे. दोन घरांना मिळून एकच दिवा. कधीकाळी वीज घेताना दोन्ही नवऱ्यांनी केलेली ती काटकसर होती, पुढं परवडत असूनही कुणी ती मोडली नाही. त्यामुळे दिवा मालवायचा कधी यावर भिंतीतून रोज बोलणी चालत.

"सगुणा, तुझी प्रार्थना झाली काय गो? मालवू?"

"थांब जरा. अजून आमेन व्हायचंय."

"माझा नाव घेतलंस काय?"

"घेतलं बाई. तुझं, लवूभावजींचं, सुलूचं."

"मगे मालवतंय."

आम्हा लोकांची प्रार्थना मोठ्यानं असते, मनातलं बोलून. मावशी रोज संध्याकाळी जेवणानंतर गल्लीतल्या एकेकाचं नाव घेऊन देवाजवळ त्याच्यासाठी काही ना काही मागायची. शेवंतीचं नाव शामूच्या नावाला लागून यायचं.

एक्क्याऐंशी सालच्या मे महिन्यात सुलक्षणाचं लग्न ठरलं. मुलगा देवगडचा, तिथंच पोस्टात. सुलक्षणा वीस वर्षांची, गोरीपान, अबोल. ब्लाऊज शिवायला म्हणून ती रोज मावशीकडे येई, कारण शिवणयंत्र मावशीकडे होतं. एका शनिवारी दुपारी तिनं शेवटचं शिवण संपवलं, यंत्रावर झाकण घातलं आणि उगीचच मावशीच्या पाया पडली. मावशीला वाटलं, लग्नाची पोर, मन भरून आलं असेल. तिनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि ती शामूचं जेवण वाढायला वळली. सुलक्षणा गेली ती गेलीच.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की पोरगी पळाली. पाठोपाठ हेही कळलं की मावशीच्या दारातून बाहेर पडताना तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. ती पिशवी तिनं आठ-दहा दिवसांपासून हळूहळू भरून मावशीच्या शिवणयंत्रामागे लपवली होती. मावशी पाळ्या करून दमून येणारी बाई, यंत्रामागे वाकून पाहायला तिला सवड कुठली? पण हे कोण ऐकणार? पिशवी सगुणाबाईच्या घरातून निघाली ना? मग संपलं!

मी त्या दिवशी तिथंच होते. गल्ली सगळी मावशीच्या दारात जमली होती. पुढं शेवंतीकाकी, केस सुटलेले, डोळे सुजलेले. मागं लवूकाका भिंतीला टेकून, मान खाली. आणि नाना. नाना म्हणजे ओळीतले सगळ्यांत जुने रहिवासी, गिरणीतून निवृत्त झालेले, गल्लीची भांडणं मिटवायचा मक्ता त्यांच्याकडे.

"तुका ठावक होता," काकी म्हणाली. "माझा चेडू खंय गेला ता सांग."

"मला माहीत नाही, शेवंती. मला माहीत असतं तर मी तिला दारातच धरून बसवली असती."

"खोटा! तुझ्या घरात पिशी होती."

"होती. मला दिसली नाही."

काकीनं शामूकडे पाहिलं. बारा वर्षांचा तो, दाराच्या चौकटीत उभा. काकीनं त्याची मानगूट धरली आणि त्याला ओढून मावशीसमोर आणला. "मगे ह्येच्या डोक्यार हात ठेव नि सांग. झिलाची शपथ घे. माका आणि काय नको."

आता हे नीट समजून घ्या, म्हणजे त्या लोकांवर अन्याय व्हायचा नाही. आमच्या इथं सगळ्या शपथा खोट्या घेतल्या जातात, पण ही नाही. पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून बाई खोटं बोलत नाही. बोलली तर पोर जगत नाही, अशी पक्की समजूत. त्यामुळे हात ठेवला की वाद मिटला, आणि नाही ठेवला तरी मिटला. काकीच्या दृष्टीनं ती मावशीला सुटायची वाटच देत होती. मावशीनं हात ठेवला असता तर काकी तिथंच तिच्या गळ्यात पडून रडली असती, यात मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

नाना म्हणाले, "सगुणाबाई, ठेवा हात आणि मोकळ्या व्हा. खरंच बोलताय ना?"

"खरंच बोलतेय, नाना. पण शपथ मी घेत नाही. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे."

"अहो, एरवी ठीक आहे ते. ही वेळ काय, तुम्ही बोलताय काय!"

मी तिच्या कानाशी लागले. "मावशी, ठेव गं हात. काय जातंय?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग शामू बोलला. मानेवर काकीची पकड तशीच होती. त्यानं डोकं थोडं खाली वाकवलं, आईच्या हाताला सोपं जावं म्हणून, आणि म्हणाला, "आई, ठेव ना. खरं आहे ना? मग ठेव ना."

मावशीचा हात हलला. मी पाहिला. पदराच्या टोकापर्यंत आला आणि तिथंच मूठ होऊन राहिला. ती काकीला म्हणाली, "शेवंती, वीस वर्षं झाली. मी तुला कधी खोटं सांगितलं? माझं नाही म्हणजे नाही. तू यावर विश्वास ठेव."

काकीनं शामूला सोडून दिलं. थोडा वेळ ती मावशीच्या मुठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "समाजला," आणि गेली.

त्या रात्री लवूकाकांनी डोक्यावरून आंघोळ केली, मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. मुलगी आम्हाला मेली. दुसऱ्या दिवशी काकीनं भिंतीतलं भोक अर्धी वीट आणि सिमेंट घालून बुजवून टाकलं. बल्ब आपल्या बाजूला घेतला. मावशीनं नाक्यावरच्या वायरमनला बोलावून आपल्यासाठी वेगळा दिवा लावून घेतला. त्याचं बटण दाबायला ती कितीतरी दिवस विसरायची आणि अंधारात बसून राहायची.

मी रागानं पेटले होते. गल्लीवर होते, काकीवर होते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मावशीवर. खोटी शपथ घ्या असं कुणी म्हणत नव्हतं! खरी घ्यायची होती. तोंडातून चार शब्द आणि डोक्यावर हात. त्यानं आभाळ कोसळणार होतं का? तिला मी हे बोलूनही दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मी आज शपथ घेतली, तर त्याचा अर्थ काय, की वीस वर्षं मी जे शपथेशिवाय बोलले ते कच्चं होतं?" मग एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "बाबा चावडीवर मार खाऊन आले तेव्हा मी सहा वर्षांची होते. मी त्यांची पाठ शेकली आहे."

त्या वर्षीच्या नाताळात तिनं करंज्यांचं ताट काकीच्या उंबऱ्यावर ठेवलं. ते तसंच राहिलं, मुंग्या लागल्या. पुढच्या वर्षी गिरण्यांचा संप होता, लवूकाका घरी बसून होते, चुलीचे वांधे. तेव्हा ताट आत गेलं. दोन दिवसांनी घासून स्वच्छ करून परत उंबऱ्यावर आलं, पण रिकामं. आपल्याकडे कुणी कुणाचं ताट रिकामं परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. मावशीनं ते ताट हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं आणि फळीवर ठेवलं.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात शामूला कावीळ झाली. टेकडीवरच्या पाण्याची तेव्हा तीच गत होती. त्या वर्षी ओळीतल्या बऱ्याच पोरांना झाली, बरीही झाली. शामूची उतरेना. शेवटी त्याला सरकारी इस्पितळात ठेवला, डॉक्टरांनी शर्थ केली, पण चौदा वर्षांचं पोर हळदीसारखं पिवळं होऊन गेलं. देवाजवळ मागून घेतलेलं पोर. मावशी इतक्या बायकांची बाळं हातात झेलणारी, तिचं स्वतःचं मूल तिच्या हातातून निघून गेलं आणि तिला काही करता आलं नाही.

पेटी टेकडीवरून खाली न्यायची होती. चढाची वाट अरुंद, चिखल झालेला. गल्लीतली सगळी माणसं खांदा द्यायला पुढं आली, त्यात लवूकाकाही होते, मान खाली घालून. काकीचं दार मात्र बंद होतं. पेटी त्या दारावरून गेली तेव्हा मावशी थांबली. एवढा वेळ ती रडली नव्हती. बंद दाराकडे पाहून ती मला म्हणाली, "शेवंती आली नाही गं," आणि तिथं तिचा बांध फुटला.

पुढचं फार कडू आहे, पण सांगायला हवं. नळावर बायका बोलू लागल्या. शपथ घेतली नव्हती ना तिनं? म्हणजे तिला ठाऊक होतंच. दुसऱ्याची पोर घालवली, देवानं बघितलं. हे मावशीच्या कानावर गेलं. नळावर उभी असतानाच गेलं. तिनं हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि चालू लागली. मी असते तर तो हंडा एकेकीच्या डोक्यात घातला असता.

तिच्या भक्तीचं पुढं काय झालं, असं चर्चच्या मंडळीतल्या बायका मला हळूच विचारत. काही झालं नाही. ती उपासनेला जायची. फक्त गायची नाही, पुस्तक उघडं धरून उभी राहायची. आणि एकदा, रविवारीच, तिनं मला विचारलं, "बेबी, मी त्या दिवशी हात ठेवला असता तर प्रभू माझ्यावर रागावला असता का?"

मी म्हटलं, "मुळीच नाही."

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. "शामूनं डोकं पुढं केलं होतं. मी नुसता हात ठेवायला हवा होता. शपथेसाठी नाही, असाच." मग डोळे पुसून म्हणाली, "पण तेव्हा तो हात शपथेचाच झाला असता ना गं?" मी तिला शहाणपण शिकवायची, पण असल्या वेळी माझं शहाणपण कुठं जायचं कोण जाणे.

शहाऐंशी साली सुलक्षणा आली. कडेवर तीन वर्षांची पोर. ज्याच्याबरोबर गेली तो हरेश्वर, चेंबूरच्या पलीकडच्या कोळीवाड्यातला. चांगला निघाला. इतकी वर्षं दोघं कुठं होती? गोवंडीला! भटवाडीहून गोवंडी ती किती लांब! मनात असतं तर पायी जाता आलं असतं. तिनं आईच्या दारात बसून सगळं सांगितलं, पिशवीचं, यंत्राचं, आणि मावशीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं हेही. मग ती मावशीकडे आली आणि शामूचा फोटो बघून मटकन खाली बसली. तिला माहीतच नव्हतं. मावशीनं तिला पाणी दिलं, तिच्या पोरीला मांडीवर घेतलं. मी वाट बघत होते की आता काकी येईल. आज येईल, उद्या येईल. काकी आली नाही. वर्ष गेलं. मावशीची तर फार इच्छा होती, भिंतीपलीकडे भांडं वाजलं तरी ती मान वर करायची. ज्या बाईनं तिचं 'नाही' मानलं नव्हतं, तिनं एकदा मानावं, एवढंच तिला हवं होतं. स्वतः जायला ती दोनदा निघाली होती. दोन्ही वेळा तिला पाहून काकीनं दार लावून घेतलं.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर मावशीच्या पोटात गाठ निघाली. नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मी मुलुंडचं घर नवऱ्यावर आणि सासूवर टाकून तिच्याकडे येऊन राहिले. ती खाईना. काही दिलं की बाहेर. एका दुपारी माझा संयम संपला. मी उठले आणि शेवंतीकाकीच्या दारावर थाप मारली. ती उघडेना तशी लाथ मारली. उघडलं.

"काकी, ती चाललीय," मी म्हटलं. "तुमच्या लेकीनं खरं काय ते सांगितलं तेव्हापासून वर्ष झालं. अजून कसला राग धरून बसलाय तुम्ही?"

काकी किती म्हातारी झाली होती! दाराला धरून ती माझ्याकडे बघत राहिली. "राग?" ती म्हणाली. "बेबी, मी खंयच्या तोंडान येव? झिलाच्या डोक्यार हात ठेव म्हणान मीच बोललंय ना? मीच त्येची मान धरून फुडे केलंय. तिना हात ठेवल्यान नाय, तरी पोर गेला. मगे कोणामुळे गेला? माझ्या जिभेमुळेच ना? त्या पोराच्या डोक्याची शपथ मी तोंडातून काढलंय."

मी गारच पडले. चार वर्षं! चार वर्षं ही बाई हे उरात घेऊन बसली होती, आणि आम्हाला वाटत होतं तिचं दार रागानं बंद आहे.

"आणि रोज सांजेक," ती म्हणाली, "भितीतून तिचा बोलणा ऐकाक येता. काय बोलता ता कळणा नाय, पण माझा नाव कळता. शामूच्या नावाक लागान माझा नाव. आदी माझ्यासाठी मागी. आता माझा वाटोळा मागत असतली. मागूंदे. माझी तीच लायकी."

"अहो, तुमच्यासाठीच मागते ती!" मी ओरडले. "अजून तुमच्यासाठीच मागते!" मी तशीच परत आले आणि मावशीच्या पायाशी बसून रडले. तिला काही सांगितलं नाही.

तासाभरानं काकी आली. हातात पितळी, पितळीत पातळ पेज, वर लोणच्याची फोड. उंबऱ्यावर ती थांबली. मावशीनं डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि अंथरुणावर थोडी सरकून तिच्यासाठी जागा केली. काकी बसली. पितळी मी घेतली.

मग काकीनं विचारलं, "सगुणा, शामू माझ्यामुळे गेलो, असा तुझ्या मनात आसा?"

"नाही," मावशी म्हणाली.

काकीनं मावशीचा हात उचलला. काडी झालेला तो हात तिनं आपल्या डोक्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. "माझ्या डोक्यार हात ठेवन सांग. शपथ घे. तेच्याशिवाय माका झोप लागाची नाय."

पुन्हा तेच! देवा, आता तरी घेऊ दे, असं मी अगदी मनापासून म्हटलं. मावशीनं हात काढून घेतला नाही. तिची बोटं काकीच्या पांढऱ्या केसांतून हलली.

"कावीळ झाली होती त्याला, शेवंती," ती म्हणाली. एकेका शब्दाला तिला दम लागत होता. "राग आला होता मला. तो गेला त्या दिवशी तू दार उघडलं नाहीस, त्याचा. फार आला होता. अजूनही थोडा आहे. पण तुझ्यामुळे गेला असं माझ्या मनात कधी आलं नाही."

"शपथ?"

"नाही म्हणजे नाही गं."

काकी तिच्याकडे बघत राहिली. जिनं मरतानासुद्धा राग लपवला नाही, माझ्या साडीच्या रंगालाही जिनं कधी खोटं चांगलं म्हटलं नाही, तिचं ते 'नाही' होतं. काकीच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना मला दिसलं. तिनं मावशीचा हात डोक्यावरून काढून आपल्या मांडीवर घेतला.

"बरां," ती म्हणाली. "नाय तर नाय."

आणि माझ्याकडून पितळी घेऊन तिनं मावशीला पेज भरवायला सुरुवात केली. मावशी खात होती. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला कुणाचा तरी गळा दाबावासा वाटत होता आणि दाबायला कुणी नव्हतं. 'नाय तर नाय', काकीनं एवढंच तर म्हणायचं होतं. सहा वर्षांपूर्वी, त्या संध्याकाळी, याच दारात, शामू मान वाकवून उभा होता तेव्हाही एवढंच म्हणायचं होतं.